हृदयाची झडप

लोहाराच्या भात्याला खालच्या अंगाला एक भोक असते आणि त्यावर आतून चामड्याचा एक तुकडा लावलेला असतो. भाता उचलला की तुकडा उघडतो आणि हवा आत येते. भाता दाबला की तोच तुकडा भोकावर घट्ट बसतो, आणि हवेला भट्टीकडे जाण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. विहिरीवर पंप बसवणाऱ्या शेतकऱ्यालाही हेच काम करणारा फुटव्हॉल्व ठाऊक असतो. तो गळू लागला की पाइपातले पाणी पुन्हा विहिरीत उतरते आणि मोटर नुसतीच फिरत राहते. आपल्या छातीत जो पंप जन्माआधीपासून चालू असतो, त्यालाही अशा चार झडपा आहेत. त्यांतली एखादी बिघडली तर काय करायचे, या प्रश्नाने गेली सत्तर वर्षे वैद्य, पदार्थशास्त्रज्ञ आणि यंत्रविशारद यांना एका टेबलाशी बसवले आहे.

वैद्यक, पदार्थविज्ञान आणि यंत्रविद्या यांतील नव्या संशोधनावर मी बोलावे, असे मला सुचवण्यात आले होते. आता, शोधांची नुसती जंत्री वाचून दाखवायची तर ते पंचांगवाचन होईल. म्हणून एकच वस्तू घेतो. रुपयाच्या नाण्याहून थोडी मोठी, मुठीत सहज मावणारी अशी ती आहे. पण या तिन्ही विद्यांचे भांडणही तिच्यात आहे आणि समेटही.

आधी त्या वस्तूकडून आपली अपेक्षा काय, ते बघा. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर दिवसाला एक लाखाच्या वर होतात. वर्षाचा हिशेब केला तर साडेतीन कोटींहून अधिक. दर ठोक्याला झडपेने एकदा उघडायचे आणि एकदा मिटायचे. तेलपाणी नाही, सुट्टी नाही, दुरुस्तीसाठी यंत्र बंद ठेवण्याची सोय नाही. शिवाय हे सगळे रक्तात बुडून करायचे. रक्त म्हणजे पाणी नव्हे. परक्या पदार्थाचा स्पर्श झाला, किंवा एखाद्या कोपऱ्यात ते जरा रेंगाळले, की ते गोठू लागते. जखम झाल्यावर हाच गुण आपला जीव वाचवतो. झडपेच्या बाबतीत तोच जिवावर उठतो. गोठलेल्या रक्ताची बारीकशी गुठळी सुटून मेंदूकडे गेली, तर माणसाचे अर्धे अंग लुळे पडते.

निसर्गाने दिलेली झडप बिघडते कशाने? पाश्चात्त्य देशांत आज हा बहुतांशी उतारवयाचा आजार आहे. महारोहिणीच्या, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मोठ्या धमनीच्या, तोंडाशी असलेल्या झडपेवर वयोमानाने चुन्यासारखा थर चढतो आणि ती ताठर होते. आपल्याकडे मात्र निराळी गोष्ट आहे. पाच ते पंधरा वयाच्या मुलाचा घसा धरतो, एका विशिष्ट जातीच्या जंतूमुळे. घसा बरा होतो, सगळे विसरून जातात. पुढे दोनतीन आठवड्यांनी ताप येतो, आज गुडघा सुजतो तर उद्या घोटा. हा संधिज्वर. जंतूंशी लढायला शरीराने जी हत्यारे तयार केली, ती चुकून स्वतःच्याच हृदयावर चालतात. सांधे पूर्ववत् होतात. पण झडपेच्या नाजूक पाकळ्या जाड होतात, एकमेकींना चिकटतात. विशेषतः डाव्या बाजूची दोन पाकळ्यांची मायट्रल झडप. मग दहापंधरा वर्षांनी, ऐन उमेदीत, जिना चढताना किंवा हंडा उचलताना धाप लागू लागते. तरुण बाईच्या बाबतीत हे दुखणे पुष्कळदा पहिल्या बाळंतपणाच्या वेळी उघडकीस येते. संधिज्वर होऊन गेलेल्या मुलाला दर तीनचार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे देत राहिले तर पुढची हानी बरीच टळते. हा उपाय स्वस्त आहे आणि जुना आहे. कदाचित म्हणूनच त्याची बातमी होत नाही.

फक्त पाकळ्या चिकटल्या असतील तर झडप बदलावीच लागते असेही नाही. कांजी इनोउए नावाच्या जपानी शस्त्रवैद्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी एक फुगा तयार केला. तो मांडीच्या शिरेतून हृदयापर्यंत न्यायचा, चिकटलेल्या पाकळ्यांमध्ये फुगवायचा आणि त्या सोडवायच्या. आपल्या देशात हजारो तरुण रुग्णांना या फुग्याने मोठ्या शस्त्रक्रियेतून सोडवले आहे. पण झडप चिंबून गेली असेल, गळत असेल, तर फुगा काय करणार? तिथे नवी झडप हवी.

पहिली कृत्रिम झडप माणसाच्या अंगात बसली ती १९५२ साली, अमेरिकेत. चार्ल्स हफनागेल या सर्जनने पारदर्शक प्लास्टिकच्या नळीत एक गोळी ठेवली. रक्त पुढे आले की गोळी पुढे सरकायची, मागे वळले की मागे येऊन तोंड बंद करायची. त्या काळी हृदय थांबवून आत काम करण्याची सोय नव्हती, म्हणून ही नळी त्यांनी हृदयात न बसवता खाली उतरणाऱ्या धमनीत बसवली. त्यामुळे फायदा अर्धामुर्धाच झाला. आणि गोळीचा टकटक आवाज शेजारी बसलेल्या माणसालाही ऐकू येई.

पुढे हृदय-फुप्फुस यंत्र आले. शरीराचा रक्तपुरवठा यंत्रावर सोपवून हृदय उघडता येऊ लागले. १९५८ साली पोर्टलंड गावी आल्बर्ट स्टार या तरुण सर्जनकडे साठीचे एक गृहस्थ आले. लोवेल एडवर्ड्स त्यांचे नाव. पाण्याचे आणि इंधनाचे पंप यांत त्यांची हयात गेलेली. 'मला कृत्रिम हृदय बनवायचे आहे,' असा त्यांचा प्रस्ताव. स्टार यांनी सुचवले की अख्खे हृदय राहू द्या, आधी एक झडप करू. दोनच वर्षांत, १९६० साली, धातूच्या पिंजऱ्यात सिलिकोन रबराची गोळी अशी त्यांची झडप रुग्णाच्या हृदयात बसली. पहिला रुग्ण काही तासांतच दगावला. दुसरा दहा वर्षे जगला आणि शेवटी शिडीवरून पडून गेला, हृदयाने नव्हे. मला या हकीकतीत मौज वाटते ती अशी की, हृदय हा वैद्याच्या लेखी एक अवयव, तर पंपवाल्याच्या लेखी एक पंप. आणि त्या दिवशी पंपवाल्याची दृष्टी उपयोगी पडली.

परंतु पंपवाल्यालाही न सुचलेली एक गोष्ट पुढे घडली. सुरुवातीच्या काळातल्या त्या झडपांमधल्या काही गोळ्या काही वर्षांनी फुगल्या, पिवळ्या पडल्या, तडकल्या. रक्तातला स्निग्ध अंश रबराने हळूहळू शोषून घेतला होता. रबर पाण्यात तपासले होते, यंत्रात तपासले होते. जेवलेल्या माणसाच्या रक्तात वर्षानुवर्षे ठेवून कोण तपासणार? रबर पक्के करण्याची रीत बदलल्यावर हा दोष गेला. इथून पुढे या सगळ्या कथेत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: पदार्थ निवडताना जो गुण पाहिला, त्याने दगा दिला नाही, जो पाहिला नव्हता, त्याने दिला.

आता रक्त गोठण्याचा प्रश्न. इथे मदत आली ती अगदी अनपेक्षित जागेहून. अणुभट्टीसाठी युरेनियमच्या इंधनाचे बारीक कण तयार करतात, त्यांच्यावर कार्बनचा एक अभेद्य थर चढवण्याची कला जॅक बोक्रॉस या शास्त्रज्ञाला साधली होती. हजार अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत कण वायूच्या झोतावर तरंगत ठेवायचे आणि प्रोपेनसारखा वायू आत सोडायचा. वायूचे विघटन होते आणि त्यातला कार्बन कणांवर बसतो. हा काजळीसारखा भुसभुशीत कोळसा नव्हे. तो कठीण असतो, झिजत नाही, आणि घासून चमकवला तर आरशासारखा होतो. त्याच सुमारास व्हिन्सेंट गॉट हे सर्जन रक्त गोठवणार नाही असा पदार्थ शोधत होते आणि कार्बनचे लेप त्यांना आशादायक वाटले होते. दोघांची गाठ पडली. १९६९ पासून हा कार्बन झडपांत आला, आणि १९७७ साली दोन अर्धवर्तुळाकार पाकळ्यांची जी सेंट ज्यूड झडप निघाली तिने तर पुढची अनेक दशके गाजवली. अणुइंधनाचे कवच माणसाच्या काळजात जाऊन बसले!

श्रोतेहो, शाळेत असताना आपण सगळ्यांनी एक उद्योग केलेला असतो. तार तोडायची असेल आणि पक्कड नसेल, तर ती एकाच जागी वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची. पंधरावीस वेळा केले की तार आपोआप तुटते. हाताने ओढून जी कधी तुटली नसती, ती इतक्या थोड्या जोरात तुटते. यंत्रविशारद याला धातूचा थकवा म्हणतात. पुलाच्या लोखंडाला तो येतो, विमानाच्या पंखाला येतो. झडपेला वर्षाकाठी साडेतीन कोटी वेळा हेलकावा बसतो, हे ध्यानात घ्या.

१९७० च्या दशकात गोळीच्या जागी चकती आली. कडीच्या दोन धातूच्या दांड्यांमध्ये चकती तिरपी होते आणि पुन्हा आडवी होते. ब्यॉर्क-शायली नावाची ही झडप चांगली चालत होती. रक्त आणखी मोकळे वाहावे म्हणून तिचा आकार बदलला आणि १९७९ पासून नवी आवृत्ती बाजारात आली. त्या आवृत्तीत एक दांडी कडीशी सांधा मारून, वेल्डिंग करून, जोडलेली होती. चकती मिटताना त्या दांडीला असा काही धक्का बसे की सांध्याशी बारीक चीर पडे. चीर वाढत जाई आणि एके दिवशी दांडी तुटून चकती निसटे. मग माणसाच्या हाती अवधी फारच थोडा. १९८६ साली ही झडप मागे घेण्यात आली. तोवर जगभरात ८०,००० हून अधिक लोकांच्या छातीत ती बसली होती. त्यांतल्या काहीशे जणांच्या झडपा तुटल्या. उरलेल्यांना आपली झडप तुटेल की नाही, ती काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी की नाही, या विचारात दिवस काढावे लागले.

नेमक्या याच वर्षांत इकडे तिरुवनंतपुरमला काय चालले होते, ते सांगण्यासारखे आहे. तिथली श्री चित्रा तिरुनाल संस्था १९८० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची ठरली. तिचे प्रमुख डॉ. एम. एस. वलियाथन. हे सर्जन, अमेरिकेत जॉर्जटाउनला त्याच हफनागेल यांच्या हाताखाली काम केलेले. परदेशी झडपेची किंमत आपल्या रुग्णाला परवडत नाही हे त्यांना रोज दिसत होते. रुग्णालयात सर्जन होते, रुग्ण होते. पण झडप करायची तर धातू जाणणारा हवा, प्लास्टिक जाणणारा हवा, यंत्र करणारा हवा. म्हणून पूजापुरा भागात राजघराण्याने दिलेल्या सातेलमंड वाड्यात संस्थेची तंत्रशाखा उभी राहिली. राजवाड्याच्या दालनांत वेअर-टेस्टर म्हणजे झीज मोजणारी यंत्रे, आणि आवारात मेंढ्या, हे दृश्य डोळ्यांसमोर आणून पाहा.

पहिला नमुना टायटेनियम धातूच्या कडीचा, वेल्डिंग केलेल्या दांड्यांचा. तो परीक्षेच्या यंत्रात सांध्याशीच तुटला. दुसऱ्या वेळी त्यांनी वेल्डिंगच काढून टाकले. टायटेनियमच्या एकाच ठोकळ्यातून सबंध कडी कोरून काढली. चकतीसाठी घेतला कृत्रिम नीलमणी, कारण त्याइतका कठीण आणि रक्ताला मानवणारा पदार्थ मिळणे अवघड. पण नीलमणी इतका कठीण की त्याने टायटेनियमच खाल्ले. दांड्या घासून झिजल्या. तिसऱ्या खेपेला टायटेनियमच्या जागी कोबाल्ट, क्रोमियम वगैरेंची अधिक चिवट मिश्रधातू आली. यंत्रावरची परीक्षा पार पडली, आणि झडप मेंढ्यांमध्ये बसली. तेव्हा एका मेंढीच्या हृदयात नीलमण्याची चकतीच फुटली. कठीण पदार्थ झिजत नाही, पण फुटतो. काचेचा गुण हिऱ्या-माणकांच्या भाऊबंदांतही असतोच.

तीन नमुने, कित्येक वर्षे, आणि सरकारी पैसा. अशा वेळी बाहेरून झडप आणून देण्याचा परवाना घ्यावा, असे कुणालाही वाटले असते, आणि त्यात गैर काही नव्हते. त्यांनी चौथा नमुना केला. या वेळी चकती घेतली ती साध्या दिसणाऱ्या, मेणचट पांढऱ्या प्लास्टिकची. दुधाच्या पिशवीचे पॉलिथीन असते ना, त्याच कुळातले. फक्त त्याच्या रेणूंच्या साखळ्या अतिशय लांब.

या प्लास्टिकची पूर्वकथा सांगायचा मोह आवरत नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली हे अस्थिशल्यविशारद खुब्याचा कृत्रिम सांधा करीत होते. पोलादी गोळा आणि टेफ्लॉनची वाटी. टेफ्लॉन हे अतिशय गुळगुळीत, म्हणून त्यांची त्यावर श्रद्धा. पण तीनचार वर्षांतच वाट्या झिजल्या आणि शेकडो रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. तेव्हा १९६२ मध्ये एक विक्रेता लँकेशायरच्या कापडगिरण्यांच्या मागांवरच्या दातेरी चाकांसाठी वापरले जाणारे हे नवे प्लास्टिक घेऊन आला. चार्नली यांनी नखाने टोकरून पाहिले आणि नाही म्हटले. त्यांचा कारागीर हॅरी क्रेव्हन याने मात्र साहेब परगावी असताना एक तुकडा यंत्राला लावून ठेवला. तीन आठवडे यंत्र फिरले तरी झीज जवळजवळ नाही. साहेब परतले आणि त्यांनी आपले मत बदलले, हेही त्यांच्याबद्दल सांगितले पाहिजे. आज जगभर लाखो लोक ज्या सांध्यावर चालतात, त्याचा आरंभ हा.

तर मागाच्या चाकाचे ते प्लास्टिक खुब्यातून तिरुवनंतपुरमच्या झडपेत आले. ते मऊ आहे, म्हणून फुटत नाही आणि मिटताना आवाजही कमी करते. चिवट आहे, म्हणून झिजत नाही. यंत्रावर ३५ कोटींहून अधिक ठोके, म्हणजे सुमारे दहा वर्षांचे आयुष्य, त्या झडपेने काढले. मेंढ्यांची परीक्षा झाली. ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्या रुग्णाच्या हृदयात चित्रा झडप बसवण्यात आली. पुढे टीटीके या कंपनीने तिचे उत्पादन सुरू केले. आजपर्यंत लाखाहून अधिक चित्रा झडपा बसल्या आहेत, आणि परदेशी झडपेपेक्षा किंमत बरीच कमी. डॉ. वलियाथन २०२४ च्या जुलैत निवर्तले. त्यांच्याविषयी लिहिताना वर्तमानपत्रांनी यशस्वी झडपेचे कौतुक केले, ते योग्यच होते. मला मात्र पहिल्या नमुन्याचे मोल अधिक वाटते. वेल्डिंगचा तोच सांधा तिकडे माणसांच्या छातीत तुटला, इकडे यंत्राच्या पेटीत तुटला. दोन्हींतले अंतर कुठल्याही आकड्याने सांगता येणार नाही.

इतके झाले तरी दुखणे संपत नाही, हे रुग्णाच्या घरच्यांना चांगले ठाऊक असते. धातूची असो, कार्बनची असो, अशी झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. या औषधाचा उगमही गमतीचा आहे. उत्तर अमेरिकेत सडका चारा खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरत होती. त्या चाऱ्यातले द्रव्य विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांनी शोधून काढले, आणि त्यावरून तयार झालेले वॉरफरिन १९४८ साली बाजारात आले ते उंदीर मारण्यासाठी! माणसाला ते औषध म्हणून मिळू लागले पुढे १९५४ मध्ये. उंदराला मारणारे औषध माणसाला तारते, पण माप चुकता कामा नये. कमी पडले तर झडपेवर रक्त गोठते, जास्त झाले तर मेंदूत किंवा पोटात रक्तस्राव. म्हणून ठरावीक दिवसांनी रक्त तपासून गोळीचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचे.

पुण्यामुंबईच्या माणसाला यात विशेष काही वाटणार नाही. पण तपासणीची सोय तालुक्याला, बस सकाळी एक आणि संध्याकाळी एक, त्या दिवसाची मजुरी बुडालेली, असे ज्याचे आहे त्याचा विचार करा. त्यात मेथी, पालक, माठ अशा पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व या औषधाच्या नेमके उलट काम करते. पालेभाजी खाऊ नये असे नव्हे. रोजचे प्रमाण सारखे असावे लागते. पावसाळ्यात शेतावरची भाजी दोन वेळा आणि चैत्र-वैशाखात महिनाभर भाजीचे पान नाही, अशा घरात ते सारखे कसे राहणार? आणि तरुण बाईला दिवस गेले असतील, तर पहिल्या तीन महिन्यांत हे औषध गर्भाला अपाय करू शकते. झडपेचा शोध जगभराचा असला तरी तिचा खरा भार असा एकेका घरावर येऊन पडतो.

म्हणून पहिल्यापासून दुसरीही एक वाट चालू राहिली, जनावराच्या कातडीसारख्या ऊतीची झडप. डुकराच्या हृदयाची झडप किंवा गाईबैलांच्या हृदयावरचे पातळ आवरण घ्यायचे आणि शिवून तीन पाकळ्या करायच्या. रक्त तिच्यावर सहसा गोठत नाही. परंतु परक्या जनावराची ऊती शरीर कशी राहू देईल? पॅरिसचे अलँ कार्पांत्ये यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यावर ग्लुटराल्डिहाइडचा उपाय काढला. चामडे कमावायलाही हे रसायन वापरतात. थोडक्यात, पाकळ्या कमावून घ्यायच्या. भात्याच्या चामड्याच्या तुकड्यापाशी आपण पुन्हा येऊन पोचलो, नाही का? पण कमावलेली ऊती जिवंत नसते. तिच्यात हळूहळू चुना साठतो आणि दहापंधरा वर्षांत ती ताठरते. त्यातही रुग्ण जितका तरुण, तितका चुना लवकर. म्हणजे ज्याला गोळ्यांपासून सुटका सर्वांत जास्त हवी, त्याच्याच अंगात ही झडप सर्वांत कमी टिकते.

अलीकडच्या वीस वर्षांत ज्या संशोधनाचा सर्वांत अधिक गाजावाजा झाला ते म्हणजे छाती न उघडता झडप बसवणे. फ्रान्समध्ये रुआँ शहरी १६ एप्रिल २००२ रोजी अलँ क्रिबिए यांनी पोलादी जाळीत शिवलेली ऊतीची झडप, मिटलेल्या छत्रीसारखी बारीक करून, शिरेच्या वाटेने हृदयात नेली आणि फुग्याने उघडून बसवली. तो रुग्ण काही महिन्यांनी दुसऱ्या कारणाने गेला, झडप मात्र चालत होती. पुढे फुग्याशिवाय आपोआप उघडणाऱ्या झडपा निघाल्या. त्यांची जाळी निकेल आणि टायटेनियम यांच्या एका विलक्षण मिश्रधातूची असते. १९५९ नंतर अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत असताना ती हाती आली. एका बैठकीत तिची चुणीदार पट्टी हातोहात फिरत होती. कुणीतरी सहज खिशातला लायटर तिला लावला, आणि पट्टी आपोआप सरळ झाली. या धातूला आपला मूळ आकार आठवतो. झडपेची जाळी बर्फाच्या पाण्यात ठेवून दाबून बारीक करतात. रक्ताची ऊब लागली की ती फुलते.

ऐंशी वर्षांच्या आजोबांना दोनतीन दिवसांत घरी पाठवणारे हे तंत्र थोर आहे यात शंका नाही. तरी एक गोष्ट बोलायला हवी. ही जाळी बसते ती चुन्याने कडक झालेल्या महारोहिणीच्या तोंडाशी. तिथे तिला धरायला जागा मिळते. संधिज्वराने बिघडलेल्या आपल्या तरुणांच्या मायट्रल झडपेला तशी घट्ट कडा बहुधा नसते. संशोधन ज्या देशांत होते, तिथल्या म्हाताऱ्यांच्या दुखण्याचे ते असते. यात कुणाचा दुष्टावा नाही, पैशाचा ओघ तसा आहे. पण मग आपल्या विशीतल्या मुलीसाठी झडप कुणी करायची, हा प्रश्न वलियाथन यांनी विचारला त्या वेळेइतकाच आजही ताजा आहे.

त्या दिशेने एक पाऊल प्लास्टिकच्या पाकळ्यांचे आहे. जनावराची ऊती नको, म्हणजे चुना कमी. आणि ऊतीसारख्या मऊ, लवचीक पाकळ्या असल्याने गोळ्याही जन्मभर नकोत, अशी आशा. अशा पाकळ्यांची मायट्रल झडप भारतातल्या रुग्णालयांत रुग्णांना बसवून तपासली गेली आणि वर्षभराचे निष्कर्ष २०२५ साली जाहीर झाले. ते उत्साह वाढवणारे आहेत. पण वर्ष म्हणजे साडेतीन कोटी ठोके. रबराची गोळी पहिल्या वर्षी फुगली नव्हती आणि टेफ्लॉनची वाटी पहिल्या वर्षी झिजून संपली नव्हती. या प्लास्टिकने अजून दहा पावसाळे पाहायचे आहेत.

लहान मुलांच्या बाबतीत तर आणखी एक अडचण. सदोष झडप घेऊन जन्मलेल्या बाळाला धातूची किंवा ऊतीची झडप बसवली तरी बाळ वाढते, झडप वाढत नाही. दोनतीन वर्षांनी ती अपुरी पडते, पुन्हा छाती उघडावी लागते, आणि मोठे होईपर्यंत हे अनेकदा. २०२२ च्या वसंतात अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या रुग्णालयात एक निराळा प्रयोग झाला. दुसऱ्या एका बाळाचे हृदय संपूर्ण रोपणाच्या उपयोगाचे नव्हते, पण त्याच्या झडपा चांगल्या होत्या. त्या जिवंत झडपा आणि त्यांच्या धमन्यांची मुळे अवघ्या काही दिवसांच्या तान्ह्या बाळाला बसवण्यात आल्या. शरीराने त्या नाकारू नयेत म्हणून औषध द्यावे लागते. पण पूर्ण हृदय बदलल्यावर लागते त्याहून कमी. पुढे वर्षभर तपासण्या होत राहिल्या, आणि बाळाचे अंग जसजसे भरत गेले तसतशा त्या झडपाही मोठ्या होत गेल्याचे दिसले. टायटेनियम, नीलमणी, अणुभट्टीचा कार्बन, मागाच्या चाकाचे प्लास्टिक, यांतल्या एकालाही ते अद्याप जमलेले नाही.